आत्याबाईंची सुट्टी

“आत्याबाई आज कुणाला दाद देत नाहीयेत,” शेणाचं घमेलं खाली ठेवत नणंद वहिनीला म्हणाली. “सकाळी मास्तरीणबाई आल्या, तर त्यांना पाठ दाखवून सरळ भिंतीकडे. बाई बिचाऱ्या कोंबड्यांशी बोलून परत गेल्या.”

आत्याबाई म्हणजे म्हातारी गाढवीण. वीटभट्टीवरून सुटून आलेली, पाठीवर ओझ्याचे वण, आणि कान असे लांब की अख्ख्या गावाचं ऐकून घेतील. म्हणून नणंदेनंच ते नाव ठेवलेलं. कुंपणाच्या आत सगळी अशीच होती: लंगडा बैल, अंडी द्यायच्या थांबलेल्या कोंबड्या, कुणाला नकोशा झालेल्या शेळ्या. मन जड झालेली माणसं त्यांच्याजवळ येऊन बसत. वहिनी जागा झाडून ठेवायची. नियम दोनच, तिच्या नवऱ्यानं घालून दिलेले: जनावर उठून गेलं तर मागे जायचं नाही आणि कुणालाही बांधायचं नाही.

नवरा गेला त्याच दिवशी संध्याकाळी तिनं चारा घातला होता. तेव्हापासून हात चालत होते, एवढंच. रडायचं राहूनच गेलं होतं, कपडे भिजत घालून विसरावेत तसं. दुःख होतं का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं खरंखुरं सांगितलं असतं, बघावं लागेल.

फाटक करकरलं. शिंपीदादा आले होते, मागे त्यांची बायको. मुलगा गेल्यापासून त्यांनी मशीन झाकून ठेवलं होतं आणि घरात तोंड मिटलं होतं. इथे येऊन ते आत्याबाईंच्या मानेवर कपाळ टेकवून उभे राहत, आणि त्या दिवशी चार घास खात.

बायको वहिनीच्या कानाशी आली. “कालपासून पाणीसुद्धा मागून घेतलं नाही हो त्यांनी. आज नाही म्हणू नका.”

“अगं, बांध की जराशी,” नणंद कुजबुजली. “गाढवाला काय कळतंय? आणि माझा दादा काय बघायला येतोय आता?” बोलून गेली, आणि उगाच घमेलं उचलायला वाकली.

वहिनीला काहीच वाटलं नाही. तिनं दावं घेतलं, आयाळीखालून फिरवलं, खुंटाला अडकवलं. भांडी विसळावीत तशी गाठ मारली.

शिंपीदादांनी कपाळ टेकलं. आत्याबाईंनी एक पाऊल टाकलं. दावं ताणलं गेलं, पाऊल मागे आलं. मग त्या उभ्या राहिल्या, भट्टीवर राहत असतील तशा: कान पाडून, नजर कुठेच नसलेली.

अशी नजर कुठे पाहिली होती, वहिनीला चटकन आठवेना. मग आठवलं. आरशात, रोज, वेणी घालताना.

शिंपीदादांची बोटं आयाळीत शिरली. न बघता उसवण शोधणारी बोटं ती, दावं लागलंच. त्यांनी डोकं वर केलं.

“ही आपणहून थांबली नव्हती तर.” आवाज गंजलेला.

“नाही,” वहिनी म्हणाली. “मी बांधलं. चुकलं माझं.”

त्यांनी गाठ सोडली. आत्याबाई मागे वळूनही न बघता भिंतीकडे चालत्या झाल्या, जिथे ऊन होतं तिथे.

शिंपीदादा रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. हात अजून मानेच्याच उंचीवर. फाटकापाशी त्यांच्या बायकोनं तोंडावर हात दाबून धरला.

“मी चहाचं बघते,” म्हणत नणंद आत पळाली. एरवी वहिनीच पळायची. माणसांचं रडणं जनावरांच्या हवाली करून चुलीशी जाऊन बसायची.

आताही ती वळली, पण गेली नाही. दोन पावलं पुढे आली आणि शिंपीदादांच्या शेजारी उभी राहिली, तोंड त्यांच्यासारखंच भिंतीकडे करून. धीर धरा म्हणाली नाही. कसं झालं, विचारलं नाही.

“त्याचा शर्ट अर्धा राहिलाय,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. “शाळेचा. एक बाही लावायची राहिली.”

पाय अवघडला तेव्हा वहिनीनं अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतला, आणि तिथेच उभी राहिली.