सोफियाच्या आधीचं नाव

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, मित्रांनो, वाजवायची. हार्मोनियम म्हणालात तरी चालेल, पण खेळणं म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे.

मिरजेच्या बाबासो कारागिराने माझं सागवानी अंग घडवलं. एकेक पितळी सूर कानाशी धरून घासला. भाता पहिल्यांदा हलला आणि माझ्यात वारा शिरला, तो क्षण मला अजून स्वप्नात दिसतो. त्या वाऱ्याला ताज्या भुशाचा वास होता.

साताऱ्याकडचे कोंडिबा तुर्भ्याच्या बाजारात मिरच्यांच्या गोणी वाहायचे. त्यांनी मला भजनासाठी कोपरखैरण्याच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. पुढे ते गेले. मागे राहिली त्यांची बायको सत्यभामा, मुलगा धनाजी आणि सून उज्वला.

धनाजीने केस वाढवले आणि तो रॉक गायला लागला. त्याचा दोस्त शहजाद गिटार वाजवायचा. ती गिटार बारीक कंबरेची, चकचकीत, पण वायर लावल्याशिवाय तोंड उघडायची नाही. आम्हाला नाही बाई असले लाड लागत!

पण गाणं जन्मलं ते माझ्याजवळच. त्र्याण्णव साल होतं. दुपारची वेळ, सत्यभामा देवळात गेलेली. खाडीवरून खारा वारा येत होता आणि उज्वला तांदूळ निवडत बसली होती. धनाजीने माझ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि हळूच गायला, "उज्वला..."

घरात त्याने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. आईसमोर 'अगं ए', एवढंच. ते नाव माझ्या वाऱ्यावरून गेलं तेव्हा वाटलं, मी लाकडाची नाहीच, भरतीच्या पाण्यावर सोडलेली होडी आहे.

"अहो, कुणी ऐकेल ना," उज्वला म्हणाली. पण उठली नाही. सुपातले तांदूळ तसेच राहिले.

मग त्या गाण्याची कॅसेट निघायचं ठरलं आणि तालीम सत्यभामेच्या कानावर पडली.

"मेल्या, घरची सून आहे ती! तिचं नाव चौकाचौकात ओरडणार? उद्या रिक्षावाले गातील!"

हजार माणसांसमोर नाचणारा धनाजी, आईसमोर मांजर. शहजाद म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, धन्या. सोफिया टाक. चालीत फिट बसतंय."

बसलं. आणि असं बसलं की विचारू नका. कळंबोलीच्या ट्रकांत सोफिया, वाशीच्या कॉलेजात सोफिया, पुण्या-नाशिकच्या स्टेजवर सोफिया. धनाजी भर मे महिन्यात चामड्याचं जाकीट घालायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. मी माळ्यावर गेले.

शेजारणी उज्वलाला विचारायच्या, "कोण गं ही सोफिया?" ती हसायची. एके दिवशी हसू संपलं. तिने पिशवी भरली.

"जी बाई नाहीच, तिचं नाव घ्यायला तुम्हाला लाज नाही," ती धनाजीला म्हणाली. "माझं घ्यायला वाटते. आत्याबाईंसमोर एकदा नावानं हाक मारा, मग येईन."

ती कराडला माहेरी गेली. धनाजी तीनदा आणायला गेला, तीनदा एकटाच परत आला. आईसमोर तोंड काही उघडेना.

मी माळ्यावर पडून होते. झुरळांनी भात्याचं कातडं कुरतडलं. डोळा लागला की मला ते गाणं ऐकू यायचं, त्याच्या पहिल्या नावानं. जाग आली की खालून कुकरची शिट्टी.

सत्त्याण्णव साली उज्वला आली. नवऱ्यासाठी नव्हे, गौरींसाठी. सुनेशिवाय गौर उंबरा कशी ओलांडणार? तीन दिवस तिने सगळं केलं, धनाजीशी मात्र बोलली नाही. विसर्जन झालं आणि पिशवी दाराशी आली.

तेव्हा धनाजीने मला खाली काढलं आणि थेट आईच्या पुढ्यात मांडलं.

"आई, शिव्या द्यायच्या त्या नंतर दे."

भाता फाटलेला. माझ्या तोंडून आधी धूळच निघाली, मग सूर. धनाजी गायला. नाव आलं, आणि त्याने ते गिळलं नाही. "उज्वला!" समोरच्या गॅलरीत दोन डोकी वर आली.

सत्यभामेने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "सूर पडलाय. परत म्हण."

"आई..."

"मोठ्यांदा म्हण! चांगलं नाव आहे पोरीचं." आणि मग जमिनीकडे बघत, "तुझ्या बापाला माझं कधी जमलं नाही."

उज्वला पुढे आली, माझ्यासमोर बसली आणि भात्याला हात घातला. "तुम्ही गा. हवा मी भरते."

त्यानंतर धनाजी स्टेजवरही उज्वलाच गायला. खोटं कशाला सांगू, लोकांना ते आवडलं नाही. ते सोफिया, सोफिया ओरडत राहिले. कॅसेटवाल्याने दुसरी कॅसेट काढली नाही. आमंत्रणं आटली, जाकीट बोहारणीकडे गेलं. आता धनाजी हळदीत गातो, मंडळात गातो आणि संध्याकाळी घरी गातो.

मित्रांनो, मला क्रोशाचा रुमाल घालून शोभेला ठेवू नका. पेटीला रोज थोडा वारा लागतो, नाहीतर आतले सूर मुके होतात. आठवड्यातून एकदा कोरडं फडकं मारा, कातडं फाटलं तर वेळेवर शिवून घ्या. आणि ज्याच्यासाठी गाणं केलं, त्याला ते आधी घरात ऐकवा. तो पिशवी भरून दाराशी उभा राहीपर्यंत थांबू नका.