सा एक घर खाली

दिग्रसजवळच्या त्या गावच्या भजनी मंडळाचा एक नेम होता. मंडळातला कुणी देवाघरी गेला की वर्षभर सतरंजीवरची त्याची जागा मोकळी ठेवायची. त्याचं वाद्य त्याच जागी, त्याच्याच उपरण्याखाली झाकून ठेवायचं, आणि कुणी हात लावायचा नाही. वर्षाच्या आत घरच्या कुणी कीर्तनाला सूर धरला, तर जागा आणि वाद्य त्या घराचं. नाही धरला, तर वाद्य दुसऱ्या गावच्या मंडळाला द्यायचं. देवाचं वाद्य मुकं राहू नये, एवढाच त्यातला भाव.

रामधन पेटीवाले पोळा झाल्यावर गेले. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. मागे बायको नंदाबाई, आणि कॉलेजात जाणारी सुरभी. पेटी गेली तर बाबा दुसऱ्यांदा जातील, असं सुरभीला वाटे.

पण झाकल्या पेटीसमोर दुसरी पेटी वाजवायची नाही, हाही नेमच. मग सूर धरायचा कशावर?

त्या साली कपाशीवर लाल्या रोग आला आणि दिग्रसची कापसाची जिनिंग दिवाळीनंतर बंदच पडली. तिथले मशीन दुरुस्त करणारे कलीमचाचा आता गाड्यांचे पंक्चर काढत. लग्नाच्या बँडात वाजवलेली त्यांची गिटार दुकानात खुंटीला लटकत होती. सुरभीनं ती मागितली.

"कीर्तनात गिटार?" चाचा हसले. "तुझे महाराज मले हाकलून देतीन."

"तुमाले कायले हाकलतीन? बसणार त मी हावो."

"बरं बेटा. पण एकच जागा पाठ करून भागत नाही. सा कुठंही सापडला पायजे, डोळे मिटून. साऱ्या मानेवर."

तशी शिकवणी सुरू झाली. चाचा गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या जागेला फ्रेट म्हणत, सुरभी घर म्हणे. चाचांनी मेजर स्केल दाखवली, ती म्हणाली, हे त आपले शुद्ध स्वर. मायनर म्हणजे आसावरी. पाच सुरांची पेंटाटोनिक वाजवली तशी ती ओरडलीच, "चाचा, हा त भूप!"

"नाव काई बी ठेव. बोटाची चाल ध्यानात ठेव. चाल तीच, फक्त घर बदलते."

मंडळाचा सूर काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी. चाचांच्या ट्यूनरवर तारा जुळवल्या, काळी दोनचा सा पाचव्या तारेच्या सहाव्या घरात आला. तिनं मानेवर जिथं जिथं सा होता तिथं लाल टिकल्या चिकटवल्या, भूपाच्या बाकी सुरांना काळ्या. सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून ती बसे आणि खालून वर, वरून खाली साऱ्या घरांतून फिरे.

एका सकाळी लाल टिकल्या एकेक घर खाली दिसल्या. फक्त लाल. काळ्या होत्या तिथंच.

"आई, तू हात लावला का गिटारीले?"

"मी काहून लावू? उन्हाळ्यानं डिंक सुटला असंन."

सुरभीनं टिकल्या जागेवर बसवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घर खाली. डिंक सुटला तर टिकली वाकडी सरकेल, पडेल. ह्या तर नेमक्या, दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध. मग आणखी एक सुरू झालं. ती सा वाजवी तेव्हा मनगटावर टिचकी बसल्यागत होई. लहानपणी बेसूर झालं की बाबा अशीच टिचकी मारत, हळूच, रागानं नव्हे. तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा टिचकी.

"बाबा, बरोबर त वाजवून राह्यली मी," ती मोकळ्या खोलीत म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून भ्याली. टिकल्या तिनं सगळ्या काढून टाकल्या. पाठ तर झालंच होतं.

गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. भर दुपार, मंदिर गच्च. उपरण्याखालची पेटी तिच्या जागी, शेजारी गिटार घेऊन सुरभी. शेजारगावच्या मंडळाचे देवीलाल पेटी न्यायला म्हणून आधीच समोर येऊन बसलेले.

"वरातीत आलो का कीर्तनात?" ते मोठ्यानं म्हणाले. लोक हसले.

कीर्तनकार रामराव महाराजांनी हात वर केला. "धर पोरी सूर."

तिनं सहाव्या घरातला सा दिला. महाराजांनी डोळे मिटून जयघोष सुरू केला, टाळकऱ्यांनी उचलला, आणि सारं फाटलं. महाराज एकीकडे, गिटार दुसरीकडे. टाळ अडखळले. महाराजांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

"झालं," देवीलाल उठू लागले. "पेटी बांधा."

 सुरभीनं बाजूला पाहिलं. उपरणं वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं. भात्यासारखं. संथ. मंदिरात वारा नव्हता, समईची ज्योत सरळ उभी होती.

तेव्हा तिला कळलं. बाबांची पेटी आजोबांच्या वेळची, सूर एक घर उतरलेली. सारा जन्म महाराज आणि टाळकरी त्याच पेटीवर गायलेले. गावाची काळी दोन म्हणजे बाबांच्या पेटीतली काळी दोन, ट्यूनरमधली नाही. पेटी झाकलेली, म्हणून कुणी ताडून पाहिलंच नव्हतं.

तिनं डोळे मिटले आणि अख्खी चाल एक घर खाली सरकवली.

सूर असा बसला की महाराजांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भूप झाला, कृष्णाच्या खोड्या झाल्या, दहीहंडीचं आख्यान रंगलं. ती मानेवर कुठूनही कुठं गेली तरी सा सापडत होता. देवीलाल कधी खाली बसले आणि कधी टाळ्या देऊ लागले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. शेवटी भैरवी झाली आणि काला वाटला गेला.

"जागा तुह्या घरची, पोरी," महाराज म्हणाले. "पेटी बी तुहीच. ये, बस बापाच्या जागी."

सुरभी सरकली, पण बसता बसता थांबली. सतरंजी तिथं हाताला उबदार लागत होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. तिनं टाळकऱ्यांकडे पाहिलं.  म्हातारे सेवादास टाळकरी आपली मांडी आवरून थोडे बाजूला झाले, आणि बाप-लेक दोघांना पुरेल एवढी जागा त्यांनी करून दिली.