मंजुळाबाईंचं धृपद

"चार वाजता मी जळगावच्या बसमध्ये असेन. मसुदा माझ्या हातात पाहिजे," शालिग्रामनाना म्हणाले. "नाही झाला, तर सोमवारपासून या खुर्चीवर जळगावची ती कॉम्प्युटरवाली मुलगी बसेल. तुम्ही गोदामात गोण्या मोजा."

नाना संस्थेचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण बोलण्यात मिरची फार.

मंजुळाबाई बावीस वर्षं टाइपरायटर बडवत आलेल्या. अमळनेरच्या त्या कचेरीत गेल्या महिन्यात कॉम्प्युटर आला. धुळ्याच्या सरांनी आठ दिवस शिकवलं आणि बटणांची एक चिठ्ठी लिहून दिली. बाईंनी ती भजनाच्या वहीत जपून ठेवली होती. वही कायम पिशवीत, कारण गल्लीत सप्ताह चालू होता आणि बाईंचं एकही कीर्तन चुकत नसे.

मसुदा संस्थेच्या पोटनियमांचा, अठरा पानांचा. निबंधक कार्यालयाने तो एकदा परत पाठवला होता : प्रत्येक कलमात संस्थेचं पूर्ण नाव हवं. आणि नाव तरी केवढं! 'तापी-बोरी खोरे फळबाग उत्पादक सहकारी पणन संस्था मर्यादित, अमळनेर'. दर पानावर पाच-सहा वेळा. बारा वाजले तेव्हा सहाच पानं झाली होती आणि बोटं त्या 'उत्पादक'पाशी अडखळत होती.

जेवायच्या सुट्टीत बाई उठल्या नाहीत. शिपाई झुलाल चहा घेऊन आला आणि उघडी वही चाळू लागला.

"अक्का, हाई काय शे? बठ्ठा अभंगस्मा एकच खूण."

"॥धृ॥ आहे ते. धृपद एकदाच पूर्ण लिहायचं. पुढे खूण आली की टाळकऱ्यांनी समजून घ्यायचं. दर चरणाला सगळी ओळ कोण लिहीत बसेल?"

बोलता बोलता बाईंचा हात चहाच्या कपावरच थांबला.

त्यांनी चिठ्ठी काढली. सगळ्यात खाली सरांनी लिहिलं होतं : 'कंट्रोल धरून क्यू, मग ए. शोधा आणि बदला.' हे कशाला लागेल ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून विचारलंही नव्हतं.

मग बाई बसल्या त्या बसल्याच. नाव यायचं तिथे ॥धृ॥. कलम संपलं की कंट्रोल धरून के, मग एस. मजकूर साठवून पुढे. कीर्तनात जसा चरण संपला की टाळ पडतो, तशी ती तीन बटणं पडू लागली.

दोन वाजता नाना मागे येऊन उभे राहिले. पडदा खुणांनी भरलेला.

"बाई, निबंधकसाहेबांना कीर्तन ऐकवायचंय का? सभासदाने ॥धृ॥कडे अर्ज करावा! लावतोच फोन त्या मुलीला."

"नाना, साडेतीनपर्यंत फोनला हात लावू नका," बाई मान न वळवता म्हणाल्या. "मग खुशाल लावा."

नानांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसले.

तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचं कलम झालं. बाईंनी आधी मजकूर साठवला. मग कंट्रोल, क्यू, ए. काय शोधायचं? ॥धृ॥. काय लिहायचं? इथे त्यांनी नाव एकेक अक्षर करून टाइप केलं, शिक्क्याशी दोनदा ताडून पाहिलं. इथली एक चूक साठ ठिकाणी उमटली असती. शेवटी जी आणि एन : सगळ्या मजकुरात, न विचारता.

त्यांनी 'रामकृष्णहरी' म्हटलं आणि एन्टर दाबलं.

पडदा थरथरला. ओळी भराभर खाली सरकू लागल्या आणि जिथे जिथे खूण होती, तिथे तिथे नाव येऊन बसलं.

"देव पावना, अक्का!" झुलाल ओरडला.

प्रिंटरमधून करकरत पान बाहेर आलं की नाना ते फाडून बोट फिरवत वाचायचे. चौदाव्या कलमाशी ते थांबले.

"हे पण बरोबर आहे," नाना म्हणाले. शेवटचं पान चारला दहा कमी असताना आलं. त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला आणि दारातून वळले. "त्या मुलीला काय सांगू?"

"येऊ द्या की सोमवारी. शिकवीन तिला," मंजुळाबाई चिठ्ठी वहीत ठेवत म्हणाल्या. "फक्त गोण्या मोजायला दुसरा माणूस बघा."