पाकिटावरचा नंबर

वेंडेल हॉस्टेटलर त्या शुक्रवारी सकाळी हॅरिसबर्गच्या हॉटेलात शिरला तो भांडायच्या तयारीनंच. धुतलेला पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात कागदी पाकिटात एक चांदीचं नाणं. अर्ध्या डॉलरचं, अठराशे सत्तावीस सालचं. अल्टूनाच्या एका मोडीच्या दुकानात वाकड्या चमच्यांच्या डब्यात त्याला ते घावलं होतं. नाण्यावरची बाई पार झिजलेली, नाक गेलेलं, केस गेलेले. पण पाठीकडचा गरुड शाबूत होता, आणि सगळा खेळ पाठीचाच होता.

त्या काळी टांकसाळीतला कारागीर पोलादाच्या ठशावर एकेक अक्षर, एकेक चांदणी हातानं ठोकायचा. हाताचं काम, केसभर इकडंतिकडं व्हायचंच. त्यामुळं एकाच सालात कितीतरी तऱ्हेचे ठसे. तोंडाकडचा कुठला ठसा पाठीकडच्या कुठल्या ठशाशी जोडला, त्याला नाणी जमवणारी ही मंडळी लग्न म्हणतात. जन्मभर असली लग्नं मोजत बसतात. घरचं मोडलं तरी पत्ता नसतो.

वेंडेलचं म्हणणं एवढंच, की आपल्या नाण्यातलं लग्न आजवर कुणी पाहिलेलं नाही. नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबनं मानलं तर लग्नांच्या यादीत नवा नंबर चढणार आणि नंबरापुढं शोधणाऱ्याचं नाव. चाळीस वर्षं गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले गड्यानं. पगाराच्या पाकिटाशिवाय कुठं नाव छापून आलं नाही. हे एक यावं, एवढीच त्याची इच्छा.

आणि नेमकं तेच लीलंड क्रेबिलला होऊ द्यायचं नव्हतं.

लीलंड दातांचा डॉक्टर, आता रिटायर झालेला. दोघांचं वाकडं नऊ वर्षांपासूनचं. बाल्टिमोरच्या प्रदर्शनात एका व्यापाऱ्याच्या ट्रेमध्ये वेंडेलनं एक दुर्मिळ नाणं ओळखलं होतं. अशा वेळी चेहरा दगडासारखा ठेवायचा, शेजाऱ्याला दिसलं तरी त्यानंही तोंड उघडायचं नाही, ही या लोकांतली रीत. लीलंडनं त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि व्यापाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "अहो, हे काय आहे ते माहितीय ना तुम्हाला?" व्यापाऱ्यानं भाव चढवला, नाणं वेंडेलच्या हातातून गेलं आणि तासाभरात लीलंडच्या पेटीत जाऊन बसलं.

तर क्लबची सभा भरली. पंधराएक माणसं, मधे लांब टेबल, टेबलावर काळं मखमली कापड, कोपऱ्यात डोनट आणि पाणचट कॉफी. यादी सांभाळायची मॅक्सिन डॉर्श. पस्तीस वर्षं शाळेची लायब्ररी चालवलेली बाई, या दोघांना पुरती कंटाळलेली.

"वेंडेल, ठेव तुझं," ती म्हणाली. "आणि कुणी भाषण करायचं नाही."

वेंडेलनं नाणं कापडावर ठेवलं. पहिलं उचललं ते लीलंडनंच. नाणं धरतात ते कडेनं, दोन बोटांत. हा नियम लीलंडनं स्वतः शंभर जणांना शिकवलेला. आज त्यानं अंगठा सरळ बाईच्या तोंडावर टेकवला.

"कडेनं धर," वेंडेल म्हणाला.

"यात खराब व्हायला उरलंय काय? गाडीखाली सापडलं का रे हे तुला?"

"तुझ्या खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखं दिसतंय ना? तोंडाचा सत्यानाश झालेला."

बर्ल आंकनी नावाचा जाडा गृहस्थ डोनट खाता खाता फसकन हसला. मॅक्सिननं टेबलावर पेन्सिल आपटली.

लीलंडनं भिंग लावलं, मिनिटभर बघितलं आणि नाणं खाली टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. "यात नवीन काही नाही. हे आपलं जुनंच, बेचाळीस नंबरचं. दुर्मिळ आहे, पण माहितीतलं. माझ्याकडं आहे एक."

बेचाळीस नंबरची नाणी साऱ्या देशात पाच. चार तिजोऱ्यांत बंद, पाचवं लीलंडचं. त्यानं पेटीतून पाकीट काढलं. पाकिटावर त्याच्याच वळणदार अक्षरात, शाईनं, बेचाळीस आकडा आणि एकोणीसशे त्र्याण्णव साल. आतलं नाणं असं, की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. बाईच्या टोपीची घडी न् घडी दिसत होती.

दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवली. मॅक्सिननं बघितलं, बर्लनं बघितलं, आणखी एकानं बघितलं. दोन्हींच्या पाठी तंतोतंत सारख्या.

"सारखीच आहेत, वेंडेल," बर्ल हळूच म्हणाला.

"डोळ्यांचा दोष नाही त्याचा," लीलंड म्हणाला. "ब्रेक बघायची सवय. जिथं तिथं चीर दिसते."

कुणीतरी हसलं. वेंडेलचे कान तापले. खुर्च्या सरकायला लागल्या, मॅक्सिननं वहीत लिहायला पेन्सिल टेकवली, आणि त्याला गॅरेजमधलं पहिलं वर्ष आठवलं. म्हातारा फोरमन ओरडायचा, पार्टाला पार्ट लावून बघू नको गाढवा, दोन्ही चुकीचे असले तर? पुस्तकाला लावून बघ.

"मॅक्सिन," तो म्हणाला, "यादीत बेचाळीस नंबरपुढं काय लिहिलंय ते वाच."

"झालं ना आता," लीलंड म्हणाला.

"तुला नाही सांगितलं. बाईंना सांगितलं."

मॅक्सिननं चष्मा चढवला, पानं उलटली. गरुडाच्या डोक्यावर एक फीत असते, फितीवर बारीक इंग्रजी अक्षरं, फितीच्या वर मोठी अक्षरं. ती वाचायला लागली, "फितीवरचा आय वरच्या मोठ्या टीच्या बरोबर मधोमध खाली." आणि थांबली.

"आता बघा," वेंडेल म्हणाला. "माझं नका बघू. डॉक्टरचं बघा."

त्यानं स्वतःच लीलंडचं नाणं उचललं. कडेनं, दोन बोटांत, अंडं धरावं तसं, आणि मॅक्सिनपुढं धरलं. ती बराच वेळ वाकून बसली.

"डावीकडं आहे," ती म्हणाली. "टीच्या डाव्या कडेखाली. दोन्हींवर. लीलंड, हे बेचाळीस नाही."

डोनट खायचं थांबवून बर्लनं भिंग घेतलं. मग सगळेच उठले. लीलंड बसूनच होता. त्यानं त्र्याण्णव साली ते पाकीट एकदा लिहिलं, आणि पुढं तीस वर्षं नाण्याऐवजी पाकीटच वाचत आला. या लोकांत असं होतं. अक्षर चांगलं असलं की जास्तच होतं.

पण माणूस मुरलेला. "ठीक," तो म्हणाला. "नवीन तर नवीन. मग ते तीस वर्षं माझ्याकडं आहे. शोध माझा. लिही मॅक्सिन."

"तू आत्ता पाच मिनिटांपूर्वी म्हणालास की नवीन काही नाही," मॅक्सिन म्हणाली. "पंधरा जणांनी ऐकलंय. आणि पाकिटावर तुझीच सही-शाई आहे. नाव ज्यानं ओळखलं त्याचं. नियम तूच लिहिलायस, ब्याण्णव साली."

तिनं वहीत लिहिलं. वेंडेल हॉस्टेटलर. वेंडेलनं ते उलट्या बाजूनं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि खिशात हात घालून उगाच रुमाल शोधला.

"फोटो मात्र सगळ्यात चांगल्या नाण्याचा लागतो," मॅक्सिन लीलंडकडं न बघता म्हणाली.

"माझ्या नाण्याचा फोटो मिळणार नाही."

"मग याचंच छापू," वेंडेल म्हणाला. "बिननाकाची बाई. खाली लिहू, यापेक्षा बरं नाणं कुणाकडं नाही."

लीलंडचा जबडा आवळला. टेबलावरच्या त्या झिजक्या चकतीकडं त्यानं बघितलं, मग आपल्याकडच्या झळझळीत बाईकडं. आणि आपलं नाणं मॅक्सिनकडं सरकवलं. बिननाकाची बाई सगळ्यात चांगली म्हणून छापून यावी, तेवढं त्याला सोसवण्यासारखं नव्हतं.

"लोक फोटो बघतात," तो उठत म्हणाला. "नाव कुणी वाचत नाही."

"तुझ्या फोटोवर माझं नाव. जन्मभर."

"मी मेलो तरी हे तुला विकायचं नाही, असं मृत्युपत्रात लिहून ठेवीन."

"लिही की," वेंडेल आपलं नाणं पाकिटात घालत म्हणाला. "फक्त नंबर बघून लिही."