बांधावरच्या लिंबाचं आढं

आमच्या यांच्याइतका चेंगट माणूस तिसगावच्या आसपास दुसरा सापडायचा नाही. आमोस हे यांचं नाव. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही, पण कागदावर घेतलं तर कुणी कान उपटायला येणार नाही, म्हणून घेते. गोठा बांधायचा म्हटल्यावर दुसरा माणूस बाजारात जाऊन लाकूड आणतो. आमोसांनी आमच्या ओढ्याकाठच्या बाभळी एक एक करून पाहिल्या, प्रत्येक खोडाला हात लावला आणि घरी येऊन म्हणाले, "औंदा दोन मिळत्याल. बाकीची पुढल्या साली बघू."

मी कपाळाला हात लावला. "गोठा बांधताय का देऊळ?" असं विचारलं. आम्ही ख्रिस्ती माणसं, आम्हाला देवळाशी काय करायचंय, पण रागात जे तोंडाला येईल ते येतं.

हा सगळा नेम माझ्या सासऱ्यांचा, थॉमसबाबांचा. ओढ्याच्या काठाला त्यांनीच बाभळी वाढवल्या. शेळ्यांना शेंगा चारायच्या, रवंथ करताना शेळ्या बिया थुंकतात त्या गोळा करायच्या आणि पावसाच्या तोंडावर काठाला टोचायच्या. जाताना मुलाला त्यांनी जमीन दिली आणि वर एक वाक्य दिलं. "जिथं तीन हुबी, तिथनं एक घे. एकलं झाड दिसलं तर त्याला सलाम कर आन् म्होरं हो." जमीन दोन-चार पायल्या जोंधळ्याची, आणि वाक्य मात्र जन्माला पुरणारं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालायला लागल्या होत्या आणि कोळसा पाडायला ठेकेदार गावोगाव बाभळी हुडकत फिरत होते. वरच्या अंगाला ओढ्याचा सगळा काठ त्यांनी बोडका केला. त्या पावसाळ्यात तिकडची माती वाहून आमच्या डोहात येऊन बसली. ठेकेदाराचा माणूस आमच्याकडेही आला होता. आमोसांनी त्याला ताक पाजलं, बाभळीखाली बसवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि वाटेला लावलं. त्या वेळी मला नवऱ्याचा अभिमान वाटला, हेही खरं. पण अभिमानाला कूड घालून त्यात गाय बांधता येत नाही.

कारण गोठा मला लवकर हवा होता. आदल्या थंडीत आमची कपिली गाय व्याली आणि आठवडाही झाला नव्हता तोच पहाटे लांडग्यानं वासरू ओढून नेलं. कुंपणाला बोरीच्या काटेरी फेसाट्या होत्या, पण भुकेल्या लांडग्याला त्याचं काय! गाय पुढं किती तरी दिवस ती जागा हुंगत राहायची. मी रडले, आमोसांनाही वाईट वाटलं, पण त्यांनी वाईट वाटूनसुद्धा एकही जास्तीची बाभूळ तोडली नाही. आता कपिली पुन्हा गाभण होती. पौषात व्यायची होती. तोवर तिच्यावर छप्पर आणि चारी बाजूंनी कूड झालाच पाहिजे, एवढंच माझं देवाकडे आणि नवऱ्याकडे मागणं होतं. देव निदान ऐकून गप्प तरी बसतो.

मेढी तोवर जमल्या होत्या, म्हणजे वर दोन फांद्यांचं बेळकं असलेले बाभळीचे खांब. ज्या त्या साली, ज्या त्या झाडाची पाळी आली तशा. अंधाऱ्या पक्षात तोडायच्या म्हणजे भुंगा लागत नाही, आणि मग डोहात बुडवून ठेवायच्या. डोहातून काढलेल्या बाभळीचा वास घरात कसा भरतो ते ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत. वाशांना दाट वाढलेल्या बाभळींतली बारकी निवडून काढली, त्यानं उरलेल्यांना हवा मिळाली. आश्विनात आमोसांनी मुरमात पहारीनं खड्डे घेतले, हाताला फोड आले, आणि मेढी पुरून, दगड ठासून, घट्ट केल्या. गोठा दोन खणांचा. एका खणात बैल, दुसऱ्यात गाय आणि तिचं वासरू.

राहिलं होतं ते आढं, सगळे वासे ज्याच्यावर टेकतात ते मधलं लांब लाकूड. ते सरळ लागतं. आणि आमच्या बाभळी म्हणजे माझ्या नणंदांसारख्या, कामाच्या सगळ्या, सरळ एकही नाही.

सरळ झाड आमच्या रानात एकच होतं. बांधावरचा लिंब. लहानपणी दोन्हीकडून झाडांच्या दाटीत सापडला होता, म्हणून उन्हाच्या ओढीनं नीट वर गेला. लिंब कडू, त्याला कीड लागत नाही, डोहात घालायचीही गरज नाही. आज तोडा, चार दिवसांनी चढवा. पण बांधावरचं झाड दोन्ही शेजाऱ्यांचं असतं. आणि आमचा शेजारी होता गहिनीनाथ.

गहिनीनाथ भाऊजी आणि आमोस यांचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कारण बांधच. पूर्वी तो बांध एवढा रुंद होता की बाया डोक्यावर भारे घेऊन समोरासमोरून जायच्या. मग दर नांगरटीला नांगराचं एक तास इकडून, एक तास तिकडून, असा तो कोरत कोरत चालला. भाऊजींनी कोरला असं आम्ही म्हणायचो. आमोसनं कोरला असं ते म्हणायचे. आमच्या बाजूनंही थोडं गेलं असेल, मी काही नांगर धरत नाही, मला काय ठाऊक! एका सकाळी दोघांची बाचाबाची झाली आणि सावड मोडली. त्यांच्याकडे एक बैल, आमच्याकडे एक. आधी दोन्ही एका जुवाखाली चालायचे, आज त्यांचं रान, उद्या आमचं. आता प्रत्येकाचा एक बैल दावणीला उभा, आणि दुसऱ्या बैलासाठी दोघंही दूरच्या गावात मिनतवाऱ्या करत फिरायचे. असलं शहाणपण फक्त पुरुषांना जमतं.

आम्ही बायका मात्र ओढ्यावर बोलायचो. भाऊजींची बायको चांगुणा धुणं धूत होती तेव्हा मी लिंबाचा विषय काढला. तिनं घरी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आणला.

"त्ये म्हनत्यात, बांध तर गेलाच. आता फकस्त ह्यो लिंब राह्यलाय. त्यो बी गेला तर बांध कुटं हुता ते कोन सांगनार, तुमी का आमी?"

घरी येऊन मी हे रागानं सांगितलं. आमोसांनी हातातली पहार खाली ठेवली. मग म्हणाले, "बरोबर हाय त्याचं." आणि पटका बांधून निघाले. तीन वर्षांनी. मी मागोमाग गेले, कारण पुरुष बोलायला गेले की काय करून येतील याचा भरवसा नसतो.

भाऊजी अंगणात चाबकाला वादी बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही. आमोस उभ्या उभ्याच म्हणाले, "बुडातनं न्हाई तोडत. गुडघ्याइतकं खोड ठिवतो. तुजी खून जाग्यावर ऱ्हाईल. आन् लिंब हाय, फुटवा येनारच. आपल्या पोरांना पुन्यांदा वासे मिळत्याल."

"कुनाच्या गुडघ्याइतकं?" भाऊजींनी विचारलं.

आता हा काय प्रश्न झाला! पण भाऊजी म्हणजे दारातून वाकून जाणारा माणूस, आणि आमचे हे त्यांच्या खांद्याला लागतात.

"तुजा गुडगा शेळीचा," भाऊजी वादी ओढत म्हणाले. "ढेकळात दिसायचं न्हाई. माझ्या गुडघ्याइतकं ठिवत असशील तर तोड."

"बरं," आमोस म्हणाले, आणि वळले.

दुसऱ्या दिवशी आमचा सुतार बन्सी दोरी घेऊन लिंबाखाली गेला आणि डोकं खाजवत परत आला. आमोसच्या गुडघ्याइतकं खोड ठेवलं तर आढं दोन्ही टोकांच्या मेढींवर बरोबर बसतं. गहिनीनाथाच्या गुडघ्याइतकं ठेवलं तर वीतभर कमी पडतं.

"मंग मेढ वीतभर आत घ्या," मी म्हणाले.

"न्हाई व्हत, मार्थाबाई," बन्सी म्हणाला. "जुन्या खड्ड्याला खेटून नवा खड्डा घेतला की दोनी एक व्हत्यात, मेढ डुलती. घ्यायची तर चांगली दोन हात आत घ्यावी लागंल."

दोन हात आत म्हणजे गायीचा खण निम्मा. गाय उभी राहील, वासराला जागा नाही. वासरू पुन्हा बाहेर.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, खालून तोडा, वीतभरानं कुणाचं राज्य जातंय? तो काय रोज येऊन गुडघा लावून बघणार आहे? आमोस म्हणाले, "शब्द दिलाय."

"मग त्या शब्दाच्या खाली वासरू निजवा!" मी म्हणाले. त्यांनी भाकरी अर्धी टाकली आणि उठून गेले. मीही ताट बाजूला सारलं. माणूस खरा आहे म्हणून त्याचा राग येतो, आणि खोटा असता तर त्याच्याबरोबर संसार केला नसता, अशी माझी पंचाईत.

कार्तिकातल्या अंधाऱ्या पक्षात, सकाळी ऊन वर आल्यावर, आम्ही लिंबाखाली जमलो. आमोस कुऱ्हाड आणि गेरूचा खडा घेऊन, बन्सी दोरी घेऊन. तिकडून भाऊजी आले, मागून चांगुणा. भाऊजी हाताची घडी घालून बांधावर, म्हणजे बांधाची जी काही वरंबी उरली होती तिच्यावर, झाडाला लागून उभे राहिले. आमोस खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यासमोर गेरू धरला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, मी मधे बोलते, राग आला तर येऊ द्या. तिथं खूण केली की माझ्या वासराची जागा जाते. गेल्या साली लांडग्यानं नेलं ते तुमी बी ऐकलं हुतं. गाईचं हंबरनं तुमच्या घरापर्यंत येत हुतं, चांगुणाबाईनं सांगितलंय मला. यांनी शब्द दिलाय, हे मोडायचे न्हाईत. म्हणून मी तुमाला सांगते."

बन्सीनं भाऊजींना हळूच सांगितलं, "वीतभराची अडचन हाय, पाटील."

भाऊजींनी आधी आमच्या रानातल्या मेढींकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. त्यांच्या बाजूला वरंबीला लागूनच नांगराचं खोल तास होतं, वर्षानुवर्षं कोरून कोरून झालेलं, लिंबाची एक मुळी त्यात उघडी पडली होती. त्या तासात ते एक पाय टाकून उतरले, मग दुसरा. झाडाला गुडघा टेकवला.

"मार खून," ते म्हणाले.

आमोस तसेच बसून राहिले. "खाली उतरलास तू. बांधावर हुबा ऱ्हा, न्हाईतर उंद्या म्हनशील फसवलं."

"बांधावरच हुबा हाय मी." भाऊजींनी उघड्या मुळीकडं बोट केलं. "हितवर बांध हुता. म्होरं माझा नांगर गेला."

चांगुणानं पदर तोंडाला लावला. तीन वर्षं जे ऐकण्यासाठी मी कान टवकारून होते ते ऐकलं आणि मला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. त्या उंच माणसाला तासात उभं असलेलं बघवेना.

आमोसांनी गेरूची रेघ मारली. मग ते उठले, झाडाला वळसा घालून आमच्या बाजूला आले आणि आमच्या तासात उतरले. आमच्या बाजूलाही तास होतं, चांगलं घोट्याच्या वर. त्यांनी आपला आखूड गुडघा खोडाला टेकवला आणि आधीच्या रेघेच्या कितीतरी खाली दुसरी रेघ मारली.

"माजा बी नांगर गेला," ते म्हणाले. "हितवर बांध हुता."

भाऊजींनी वाकून दोन्ही रेघा पाहिल्या. "आरं बास कर," ते म्हणाले, "न्हाईतर दोघांच्या खरेपनात खोडच उरायचं न्हाई!"

बन्सी आधी हसला, मग चांगुणा, मग ते दोघं. भाऊजींनी हात पुढं केला आणि आमोसांना तासातून वर ओढून घेतलं. बन्सीनं वरच्या रेघेला दोरी लावली, वर फांदीच्या फाट्यापर्यंत ताणली, पुन्हा एकदा मोजली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "पुरतंय."

मी तिथंच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले. आमोस कुऱ्हाड घेऊन झाडाजवळ आले, पण त्यांनी घाव घातला नाही. कुऱ्हाडीचा दांडा भाऊजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "अर्दा तुजा हाय, आदी तू."