वलगावच्या दुर्गाबाई आणि माझा खालचा बाक

मी एक जुना स्लीपरचा डबा आहे. लांब पल्ल्याच्या निळ्या गाडीचा. धामणगाव, बडनेरा, अकोला ही स्टेशने मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की मुक्काम जवळ आला हे मला रुळांच्या आवाजावरूनच कळते. पण मित्रांनो, आजकाल माझे चित्त थाऱ्यावर नसते.

चेन्नईच्या कारखान्यात मी घडलो. नवा होतो तेव्हा माझ्या बाकांच्या रेक्झिनला करकरीत वास यायचा. गाडीत आम्ही अकरा स्लीपर डबे होतो. साठी उलटलेल्या माणसांना तेव्हा भाड्यात मोठी सवलत असे. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आज्या डिंकाचे लाडू घेऊन बसत, आणि "गाडी चांगली हाये बाप्पा," म्हणून माझ्या खिडकीवर हात फिरवत. मला फार बरे वाटे.

मग करोनाची साथ आली. वृद्धांची ती सवलत थांबली ती थांबलीच. गाडीत वातानुकूलित डबे वाढले आणि आम्ही अकराचे चार झालो. त्यांच्यात भाडे जास्त मिळते, आमच्यात तोटा होतो, असे मी फलाटावर ऐकले. कोळशाच्या मालगाड्या शेजारून धडधडत जातात. आमचा तोटा म्हणे त्याच भरून काढतात. मी त्यांच्याकडे ओशाळून पाहतो. पण डबे कमी झाले म्हणून माणसे थोडीच कमी झाली? ती आता वेटिंगवर असतात.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बडनेऱ्याला वलगावचे देवमन आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई माझ्यात चढले. दुर्गाबाईंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या रुग्णालयात भरती व्हायचे होते. ती तारीख चुकली तर पुढची तीन महिन्यांनी. डॉक्टरांच्या कागदावर दोघांना चौथाई भाड्यात तिकीट मिळाले होते, पण ते वेटिंगचे निघाले. वेटिंगवाल्यांना आता आरक्षित डब्यात बसता येत नाही, हे देवमनना ठाऊक नव्हते.

मूर्तिजापूर सोडल्यावर टीसी आले. सागर त्यांचे नाव, नवीनच लागले होते.

"काकाजी, हे तिकीट इथं चालत नाही. अकोल्याले उतरा अन् समोर जनरल डब्यात बसा."

"साहेब, जनरलमध्ये पाय ठेवाले जागा नाई. इले उभं राहनं होत नाई. परवा मोरीतून खोलीत येताना दम लागला."

"मले समजते हो. पण माह्या हातात काय हाये?"

बाजूच्या बाकावर धामणगावचे धान्याचे व्यापारी गोपाळराव बसले होते. त्यांनाही पूर्ण जागा मिळाली नव्हती. एका बाकावर दोघे, असे त्यांचे तिकीट होते. अवघडून अवघडून ते वैतागले होते. ते म्हणाले, "चौथाई पैशात जाऊन राह्यले, अन् वरून जागा पाह्यजे! तिकिटावर छापलेलंच हाये, शंभर खर्च होते तं सत्तावन्न वसूल होते. बाकीचे कोन भरते?"

देवमननी चष्मा लावून तिकीट वाचले. ते खरेच छापलेले होते. त्यांनी मान खाली घातली. दुर्गाबाई मात्र उठल्या. त्या हळूच म्हणाल्या, "वीस वर्सं शाळेत खिचडी रांधली भाऊ. कोन्या लेकराले मोजून नाई वाढली." मग नवऱ्याकडे वळून, "चाला, उतरू."

अकोला आले. दोघे उतरून पुढे चालू लागले. माझा जीव नुसता टांगणीला लागला. दहा-बारा पावलांवर दुर्गाबाई छातीवर हात ठेवून आपल्या पिशवीवरच बसल्या. समोर जनरलच्या दारात माणसे लोंबकळत होती. मला तर धड हाकही मारता येत नव्हती.

सागर फलाटावर हातातल्या यंत्रात पाहत होते. अकोल्याचा एक प्रवासी आलाच नव्हता. माझा खालचा एक बाक रिकामा होता. ते धावत माझ्या खिडकीशी आले.

"गोपाळराव, जागा निघाली. नियमानं तुमचा हक्क हाये."

गोपाळराव बाहेर पिशवीवर बसलेल्या दुर्गाबाईंकडे पाहत होते. सिग्नल पिवळा झाला; आता निघायचे होते.

"लवकर सांगा!"

"मले काय विचारता? त्यायले द्या ना!" ते ओरडलेच. आणि स्वतःच उतरून पळत गेले. त्यांनी पिशवी उचलली. देवमन आणि सागर यांनी दुर्गाबाईंना दोन्ही बाजूंनी धरले. चौघे दारात आले तेव्हा मी हलायला लागलो होतो. शेवटचा पाय आत येईपर्यंत मी श्वास रोखून होतो.

दुर्गाबाई त्या बाकावर निजल्या. देवमन त्यांच्या पायाशी बसले. गोपाळराव मुंबईपर्यंत अवघडूनच बसले, आणि कल्याणला त्यांनी दोघांना चहा आणून दिला. सकाळी वेळेवर पोचलो. महिन्याभराने मीच त्यांना परत आणले. बडनेऱ्याला दुर्गाबाई स्वतःच्या पायांनी उतरल्या, आणि मला फार दिवसांनी हलके वाटले.

पण काळजी काही सुटत नाही. पुढच्या महिन्यात आमच्या जागी लाल रंगाची नवी गाडी येणार आहे. तिच्यात स्लीपरचे डबे दोनच. मी भंगारात जाईन, त्याचे एवढे काही नाही; माझे वय झाले आहे. पण वलगावहून, धामणगावहून असा कागद हातात घेऊन निघालेली माणसे कुठे बसतील? त्या दिवशी एक प्रवासी आला नाही म्हणून निभावले. रोज थोडाच कोणी यायचा राहणार आहे?

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या टीसी होतील, काही जण भाडे ठरवणारे साहेब होतील. तोटा-नफा जरूर पाहा, तो खोटा नाही. पण एखादी आजी धापा टाकत दारात उभी असेल, तर आधी तिला बसू द्या. तिकीट मग विचारा.