चहा गार होईपर्यंत

नाटकातला तो विराम मुळात सहा सेकंदांचा होता. दुसऱ्या अंकात म्हातारी मुलाचं पत्र वाचते, घडी घालते, टेबलावर ठेवते. विंगेतून पियानोवर आठ सुरांचा एक छोटा तुकडा दोनदा वाजतो. एका फेऱ्याला तीन सेकंद, दोन फेऱ्यांना सहा. मग म्हातारी म्हणते, "चहा गार झाला की," आणि लगेच गाणं सुरू होतं. संहितेत असंच लिहिलेलं, तालमीत असंच बसवलेलं आणि पहिले चाळीस प्रयोग असंच चाललेलं. आता प्रयोग एकशे बारा झाले होते आणि दोन फेऱ्यांचे सहा झाले होते. कुणी विचारलं नव्हतं. एका समीक्षकानं तर त्या अठरा सेकंदांवर अर्धा रकाना खर्ची घातला, त्या शांततेत म्हणे एक अख्खं आयुष्य उभं राहतं. शांतता कसली, पियानो वाजत होता! पण समीक्षकांना तेवढं कुठे ऐकू येतं.

पियानो वाजवणारा माणूस नाटकाचा संगीतकार होता. एकसष्ट वर्षांचा, एकटा, पायात नेहमी तेच तपकिरी बूट. कंपनीत सगळे त्यांना पियानोकाका म्हणत. म्हातारीचं काम करायची ती त्यांची सख्खी मोठी बहीण. तिला सगळे ताई म्हणत, तेही ताईच म्हणत. फरक एवढाच, की बाकीच्यांशी ताई बोलायची.

म्हणजे अबोला नव्हता. अबोल्यात निदान काहीतरी धग असते. ताई त्यांच्याशी अगदी नीट बोलायची, "अहो संगीतकार, तिसऱ्या गाण्याची लय जरा आवरा," असं, सगळ्यांसमोर, हसऱ्या चेहऱ्यानं. नवख्यांना वाटायचं, काय गंमत आहे दोघांची! बत्तीस वर्षं ही गंमत चालली होती.

बत्तीस वर्षांपूर्वी काकांना पहिला सिनेमा मिळाला. त्याआधी दोघांचं सगळंच एकत्र होतं. आईवडील लवकर गेले, ताईनं धाकट्याला वाढवलं, स्वतःच्या नाटकांच्या पगारातून त्याच्या शिकवणीची सोय केली. त्यानं केलेली प्रत्येक चाल आधी तिच्या गळ्यातून जायची. सिनेमातलं पहिलं गाणंही त्यानं तिच्याच गळ्यासाठी बांधलं होतं. पण ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी निर्मात्यानं दुसऱ्या गायिकेचं नाव पुढे केलं. तिचा आवाज तेव्हा खपत होता. धाकट्यानं मान डोलावली. एवढंच केलं त्यानं, फक्त मान डोलावली. गाणं तुफान चाललं. दुकानात, न्हाव्याकडे, शेजारच्या खिडकीत, ताई जाईल तिथे ते तिच्या कानावर पडत राहिलं. ती एका शब्दानं काही म्हणाली नाही. फक्त पुढच्या भेटीत तिनं त्याला "या संगीतकार, बसा" म्हटलं.

काकांनी एकूण चौदा सिनेमे केले. मग वारं फिरलं. यंत्रावर एकटा माणूस दहा वादकांचं काम करायला लागला आणि तो एकटा माणूस काकांपेक्षा तीस वर्षांनी लहान होता. मग साबणाच्या जाहिराती, मग खिळ्यांच्या जाहिराती, मग काहीच नाही. नाटकाच्या या निर्मात्याचा फोन आला तेव्हा ते तीन महिने कुणाशी धड बोलले नव्हते. नाटकात ताई आहे हे कळल्यावरही नाही म्हणण्याची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

एक्केचाळिसाव्या प्रयोगाला ताई विसरली. दोन फेरे झाले आणि ती बोललीच नाही. पत्रावर हात ठेवून समोर बघत राहिली. बहीण अडुसष्ट वर्षांची, एकटी राहणारी, या कामाशिवाय तिला दुसरं काही नाही. त्यांनी काही न सुचून तिसरा फेरा वाजवला, आणि तिसऱ्यानंतर तिला वाक्य सापडलं. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. पुढच्या प्रयोगाला काकांनी खबरदारी म्हणून आधीच तीन फेरे धरले, तर ती तिसऱ्यानंतरही थांबलेली! मग चौथा. असं करत करत सहा. आठ महिने काका त्या जागी डोळ्यांत तेल घालून तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. गाण्याचे पहिले सूर ते डाव्या हातानं हळूच तुकड्यात मिसळायचे, की तिला ओळ आठवावी. ते तिला सावरत होते, रोज, आणि तिला कळूही देत नव्हते. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी करण्यासारखं एक काम त्यांच्या हाती लागलं होतं. घरी जाताना त्यांना या गोष्टीचा एक चोरटा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाजही वाटायची.

मग दौरा ठरला. बत्तीस गावं, एक बस. बसमध्ये पियानो मावत नाही हे कळायला निर्मात्याला फार हिशेब करावा लागला नाही.

"काका, तुमचं सगळं संगीत आपण रेकॉर्ड करून घेऊ," तो म्हणाला. "बटण दाबलं की वाजलं. तुम्हालाही या वयात बसचे धक्के नकोत."

"आणि दुसऱ्या अंकातला तुकडा?"

"तोही. काय अडचण आहे?"

अडचण ही होती, की यंत्र थांबत नाही. माणूस विसरला तर माणूस थांबतो. यंत्रात सहा फेरे भरले आणि ताईला एखाद्या दिवशी सात लागले, तर गाण्याचा ठेका सुरू होईल आणि ती भर रंगमंचावर तोंड मिटून उभी राहील. निर्मात्याला खरं सांगावं, तर तो दुसऱ्या दिवशी दुसरी म्हातारी आणेल. काकांना रात्रभर तळमळूनही उपाय सुचेना. एकदा ते हिय्या करून ताईच्या रंगपटाच्या दारात जाऊन उभे राहिले. ती आरशासमोर पांढरा विग उतरवत होती.

"काही काम होतं?" तिनं आरशातूनच विचारलं.

"नाही, म्हटलं दौऱ्यासाठी गाणं अर्धा सूर खाली घ्यायचं का? जरा सोपं जाईल."

"कुणाला सोपं जाईल?"

काका दाराच्या कडीशी चाळा करत राहिले.

"मला झेपतंय हो संगीतकार," ती म्हणाली आणि विगमधल्या पिना काढायला लागली.

रेकॉर्डिंग एका इमारतीच्या तळघरात होतं. भिंतींना करडा फोम, काचेपलीकडे चष्मा डोक्यावर सरकवून बसलेली रेकॉर्डिस्टबाई, अलीकडे पियानो आणि एक माईक. इतर सगळे तुकडे दुपारपर्यंत झाले. शेवटी उरला तो. बाईंनी निर्मात्याकडून ताईलाही बोलावून घेतलं होतं, म्हणजे वाक्यासकट जागा मोजता येईल. ताई आली, पर्स मांडीवर ठेवून स्टुलावर बसली. तिची बॅग दाराशीच होती, बस संध्याकाळी साडेपाचला सुटणार होती.

"किती फेरे, काका?" काचेपलीकडून आवाज आला.

"सहा," काका म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "नाहीतर आठच घ्या. असू देत हाताशी."

"आठ कशाला?" ताई म्हणाली. "संहितेत दोन आहेत. दोनच घ्या."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आता सगळ्यांसमोर शोभा होणार, असं त्यांना वाटलं. पण बाईंनी लाल दिवा लावलासुद्धा. त्यांनी दोन फेरे वाजवले. दुसऱ्याचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच ताई म्हणाली, "चहा गार झाला की," आणि गाण्याची पहिली ओळ उचलली. केसाइतकीही चूक नाही. बाईंनी आणखी एक टेक मागितला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ताईनं पर्समध्ये रुमाल शोधता शोधता म्हटलं, तरी तसंच.

काकांचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले. ती विसरत नव्हती. कधीच विसरत नव्हती! मग आठ महिने ते कुणाला सावरत होते?

बाई फोनवर कुणाशी तरी बोलायला बाहेर गेल्या. खोलीत दोघंच उरली. इतक्या वर्षांत अशी दोघंच एका खोलीत कधी आली होती, ते काकांना आठवेना.

"ताई," ते म्हणाले, "मग प्रयोगात का थांबायचीस?"

"कुठे?"

"इथेच. पत्रानंतर. पहिल्यांदा थांबलीस तेव्हा तर मी घाबरलो होतो."

"पहिल्यांदा?" तिनं जरा आठवून पाहिलं. "अहो, तिसऱ्या रांगेत एक माणूस खोकत होता. त्याचं आटपू दिलं मी. खोकल्यावर वाक्य टाकून कसं चालेल?"

"आणि नंतर?"

ताईनं रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"नंतर तू वाजवत होतास," ती म्हणाली. "दोनाचे तीन केलेस. मला वाटलं, चुकून. दुसऱ्या दिवशीही तीन. मग चार. त्यात माझं गाणं मिसळायला लागलास, डाव्या हातानं. मला काय ऐकू येत नाही? मी म्हटलं, याला काहीतरी सांगायचंय आणि तोंडानं सांगता येत नाहीये. सांगू दे. म्हणून थांबायचे." ती जरा हसली. "प्रयोगभर मी त्या जागेची वाट बघायचे रे. त्या गाण्यानंतर माझ्यासाठी असं तू काही वाजवलंच नव्हतंस."

कुठल्या गाण्यानंतर हे विचारायची गरज नव्हती. बत्तीस वर्षांत त्या गाण्याचा उल्लेख तिनं आज पहिल्यांदा केला होता.

"माझ्यासाठीच होतं ना ते?" तिनं विचारलं.

खरं उत्तर काकांच्या जिभेवर होतं. मला वाटलं तू म्हातारी झालीस, तुझं डोकं चालेनासं झालं, म्हणून मी तुला सांभाळून घेत होतो. हे बोलायला तीन सेकंद पुरले असते. ताई त्यांच्याकडे सरळ बघत होती, आरशातून नाही.

"हो," काका म्हणाले. "तुझ्यासाठीच."

तिनं मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं. बाई परत आल्यावर तिनं काचेकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "दोनाचं सोडा. सहाच ठेवा. लोक त्या जागेसाठी तिकीट काढतात."

लाल दिवा लागला. काकांनी वाजवायला सुरुवात केली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना तिच्या चेहऱ्यावर काही शोधायचं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती. आज ते खरोखर तिच्यासाठी वाजवत होते, सगळ्या जुन्या सुरांसकट, आणि आज वाजवलेलं आणि आजवरचं यातला फरक तिला कळणार नव्हता, कळून चालणारही नव्हतं. पाचव्या फेऱ्याला पट्ट्या धूसर दिसायला लागल्या, पण बोटांना वाट माहीत होती. सहावा संपला. ताई म्हणाली, "चहा गार झाला की."

"सुंदर!" काचेपलीकडून बाई म्हणाल्या. "झालं काका, सुटलात तुम्ही."

बसपर्यंत ताईची बॅग काकांनी नेली. तिनं नेऊ दिली. त्यांना तिच्याशी बोलायचं होतं, काय ते माहीत नव्हतं, पण खूप. खाली कोपऱ्यावर पाच मिनिटं बसू या का, असं ते म्हणालेही. तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "आल्यावर बसू निवांत." बसमध्ये सामान चढत होतं. चालकामागच्या ज्या सीटवर काका बसले असते, तिथे स्पीकरचा खोका ठेवला होता, पट्ट्यानं नीट बांधून, कुणीतरी वर उशीही ठेवली होती.

ताई खिडकीशी बसली. बस सुरू झाल्यावर तिनं काच सरकवली आणि कितीतरी वर्षांनी त्यांना लहानपणीच्या नावानं हाक मारली.

"बबडू, रोज ऐकेन रे!"

काकांनी हात वर केला. बत्तीस गावं, बत्तीस प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगाला ती तिथे अठरा सेकंद थांबणार होती. तिला खरं कधीच सांगता येणार नाही, एवढंच त्या क्षणी त्यांना स्वच्छ कळलं. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी ते हात हलवत होते. मग शेजारून जाणाऱ्या एका बाईनं वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला आणि ते घराकडे चालू लागले.